झोक्याचं बारसं

१

पार्कची फाटकं उघडायच्या आधी झोका एकदा वाळूची पोती बांधून सोडायचा, हे माझं रोजचं पहिलं काम. चहा त्यानंतर. मी त्या पार्कचा मेंटेनन्स इंजिनिअर आहे. पोत्यांना काही झालं नाही तर माणसांनाही होणार नाही, एवढ्या साध्या तर्कावर माझी नोकरी आणि माझी झोप, दोन्ही सुरळीत चालली होती.

पार्क यमुनेपलीकडे, नोएडाच्या कडेला. तिकडे सेक्टरांना आकडे मिळाले आहेत, माणसं यायची आहेत. अर्धवट उभ्या सोसायट्या, क्रेन, मधेच मोहरीचं एखादं शेत, आणि त्या सगळ्यात आमची लाल लोखंडी कमान. नव्वदच्या दशकाच्या या अखेरीस दिल्लीकरांना पैसे मोजून घाबरायची हौस सुटली आहे, आणि ती पुरवायला आमच्या मालकांनी हा झोका परदेशातून मागवला.

कमानीच्या टोकाला पोलादी दोर, दोरांच्या खाली शेजारी शेजारी तीन जणांचे पट्टे. त्यांत पोटावर पालथं लोंबकळायचं. मागच्या टॉवरवरचं विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, तुम्हाला पायांकडून उलटं वर खेचत नेतं, चांगल्या उंच इमारतीच्या गच्चीइतकं. पुढचं तुमच्या हातात. उजवीकडच्या माणसाजवळ एक पिवळी दोरी असते. ती त्याने ओढली की पकड सुटते आणि झोका खाली झेपावतो. ओढली नाही, तर लटकत राहायचं. विंचला उलटं फिरून कुणाला खाली आणता येत नाही. मालकांना नेमकी तीच गोष्ट आवडली होती. "डर अपने हाथ में होना चाहिए," असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. दोघेच बसणार असतील तर त्यांनी कडेचे पट्टे घ्यायचे, मधला रिकामा सोडायचा. तोल राहतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी घरच्यांना पार्क दाखवायला नेलं. बायको कल्पना, मुलगी अवनी, आणि करोल बागेतून खास आलेली माझी मोठी बहीण, विजयाताई.

ताईविषयी थोडं सांगायला हवं. मेहुणे वारल्यापासून ती एकटी राहते, शाळेत शिकवते. दिल्लीतल्या मराठी घरांत मात्र तिची ख्याती निराळी आहे. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत बदलीवर आलेली माणसं. बाळ इथे होतं, आणि बाळाची सख्खी आत्या असते अकोल्यात नाहीतर सांगलीत. बारशाला आत्या तर हवी! मग ताईला बोलावणं जातं. अर्ध्या कॉलनीच्या पोरांच्या कानांत तिने नावं सांगितली आहेत, आणि अर्ध्या कॉलनीच्या बायकांनी त्याबद्दल तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा दिलीप झोका नुसताच सोडून बघत होता. दिलीप आमचा ऑपरेटर, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा.

"अरे अमू, काय करताय हे?" ताई ओरडली. "रिकामा पाळणा हलवतं का कोणी?"

"ताई, हा पाळणा नाही. इम्पोर्टेड राइड आहे."

"मग इम्पोर्टेड पाळणा. चलो, आणा ती पोती इकडे."

तीन पोत्यांतलं एक लहान होतं, मुलांच्या वजनाचं. ताईने तेच उचलायला लावलं आणि त्याला आपली शाल गुंडाळली. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा फिरवतात. त्याला कुंची घालतात, एक बाई पाळण्याखालून देते, दुसरी पाळण्यावरून घेते. पाळण्यात पहिलं वजन दगडाचं पडतं, मग बाळाला ठेवायचं. ताईने पोतं पट्ट्यांखालून कल्पनाकडे दिलं, "कुणी गोविंद घ्या!" कल्पनाने हसत हसत वरून परत केलं, "कुणी गोपाळ घ्या!" पोतं जड, म्हणून दिलीप मधे हात देत होता. त्याला ही कसलीतरी सुरक्षेची तपासणी वाटली असावी, कारण तो अजिबात हसत नव्हता.

पोतं मधल्या पट्ट्यात बांधून झालं. ताईने पट्ट्याला हात घालून दोन हलके झोके दिले, पाळण्याच्या गाण्याची एक ओळ गुणगुणली. मग ती वाकली. पोत्याला कान असता तर जिथे असता, तिथे तिने तोंड नेलं, आणि कुर्र केलं. कल्पनाने सवयीने तिच्या पाठीत धपाटा घातला. दुसरा घालायला उचललेला हात तिने तसाच धरला.

"ताई, वरवंट्याचं नाव नसतं हो ठेवायचं."

ताई सरळ उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली. "गेलं तोंडातून. सवय."

"काय ठेवलंत?"

ताईने हसण्यावारी नेलं. मग तिने प्यायला पाणी मागितलं, आणि दिलीपने झोका सोडला तेव्हा तिने त्याच्याकडे पाठ केलेली होती.

२

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की आवाज कमी होतोय.

अशा झोक्याची जाहिरात म्हणजे किंकाळी. वरून एक सणसणीत किंकाळी आली की खाली तिकीट खिडकीपाशी रांग वाढते. सुरुवातीला आमच्याकडे छान किंचाळायचे लोक. मग वर जाताना बडबडणारी, खिदळणारी माणसं टोकाला पोचली की एकदम गप्प व्हायला लागली. झोका झेपावतानाही गप्प. खाली आली की एकमेकांशी हळू आवाजात बोलत, चपला न वाजवता निघून जायची.

"साब, ऊपर जाके सब फुसफुसाते हैं," दिलीप म्हणाला. "मैं नीचे से पूछता हूँ, ठीक हो? तो ऐसे करते हैं." त्याने ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

सफारी सूट घातलेल्या एका लठ्ठ गृहस्थांनी उतरल्या उतरल्या शेजारच्या समोसेवाल्याला त्याचा टेप बंद करायला लावला. "आवाज़ कम रखो भाई," ते खेकसले, तेही खालच्या आवाजातच. समोसेवाल्याने विचारलं, क्यों? तर त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. टेप मात्र बंदच राहिला, आणि पुढच्या दिवशी समोसेवाल्याने तो आणलाच नाही.

मी स्वतःला समजावलं. उंची. भीतीने वाचा जाते माणसाची, त्यात नवल काय? गर्दीचं तर असतंच, एक गप्प बसला की सगळे गप्प बसतात. मी इंजिनिअर माणूस. माणसांचं मला कळत नाही असं कल्पना म्हणते, आणि ते खरं आहे.

पण झोक्याचं मला कळतं.

एका सकाळी चाचणी झाली, पोती उतरवली, पट्टे मोकळे केले. पट्टे हलत राहिले. हलतात थोडा वेळ, मग थांबतात. हे थांबेनात. वारा नव्हता, कमानीवरचं कापडी निशाण पायजम्यासारखं लोंबत होतं. मी जाऊन हाताने पट्टे धरले, स्थिर केले, आणि झोका चालवायच्या पॅनेलकडे वळलो. मागे पोलादाचा बारीक कुरकुर आवाज पुन्हा सुरू झाला.

तरीही मी म्हटलं असतं की बेअरिंग आहे, जमिनीतला हादरा आहे, शेजारच्या सोसायटीच्या पायाचे खांब ठोकताहेत. पण मी त्या हेलकाव्याकडे बघत राहिलो आणि त्याची लय मोजली. दोर जितका लांब तितका झोका संथ. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. आमच्या दोरांचा झोका जाऊन परत येईपर्यंत माणसाचं एक वाक्य बोलून होतं. हे पट्टे झपझप जाऊन येत होते. एवढ्या लांब दोरांना त्या लयीत हलताच येत नाही. ती लय हातभर उंचीच्या पाळण्याची होती, ज्याची दोरी कुणीतरी जमिनीवर बसून, दुसरं काम करता करता ओढत असतं.

मी त्या दिवशी बेअरिंगना वंगण घातलं. दुसरं काय करणार?

३

"दीदी आज नहीं आईं?" दिलीपने एकदा सहज विचारलं, आणि तेव्हा मला कळलं की ताई येते.

करोल बागेहून नोएडा म्हणजे बसने जीव काढणारा प्रवास. ती शनिवारी यायची, मग मधल्या वारांनाही, शाळा सुटल्यावर. मला ऑफिसात भेटायचीही नाही. नेहमी उजवीकडचा पट्टा घ्यायची, दोरीचा. वर जाऊन थांबायची. दिलीपच्या म्हणण्याप्रमाणे दर खेपेला थोडं जास्त. रांगेतलं कोणी कुरकुरत नसे. सगळे माना वर करून चुपचाप उभे राहत.

मी तिला कँटीनमध्ये पकडलं. चहा मागवला. ती तजेलदार दिसत होती, आणि हात सारखे मांडीवर चाळवत होती.

"ताई, काय चाललंय?"

"काही नाही रे. छान वाटतं वर."

"तुला तर जिन्याच्या कठड्याचीही भीती वाटते."

ती हसली. मग चहाच्या कपाकडे बघत तिने सांगितलं. मी पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा तिला एक मुलगा झाला होता. मला फक्त "बाळ गेलं" एवढं पत्र आलं होतं. बाराव्या दिवसापर्यंत तो पोचला नाही, त्यामुळे बारसं झालं नाही, नाव ठेवलं गेलं नाही.

"नाव मी ठरवलेलं होतं," ताई म्हणाली. "उन्मेष. कोणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या मेहुण्यांनासुद्धा. सगळे म्हणाले, विसर आता. अरे, पण रडायचं तरी कोणाच्या नावाने? इतक्या पोरांच्या कानांत इतकी नावं सांगितली मी, अमू. लोक म्हणायचे, ताई तुम्हीच सुचवा काहीतरी. हे एक कधी कोणाला दिलं नाही."

"आणि त्या दिवशी पोत्याला दिलंस."

"गेलं तोंडातून." तिने कप बाजूला सारला. "पण बघ ना. मिळालं त्याला."

मला तिची दया आली, रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खाली सरळ सरळ भीती वाटली. आई गेल्यावर मला ताईने वाढवलं होतं. एक दिवस ही बाई वर जाईल आणि दोरी ओढणारच नाही, हे मला त्या कँटीनमध्ये स्वच्छ दिसलं.

"ताई, आमच्याकडे राहायला ये थोडे दिवस. अवनीलाही बरं वाटेल."

"अच्छा, येईन ना," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे न बघता उठली.

त्याच दुपारी मी ते लहान पोतं फोडायला लावलं. वाळू फाटकाजवळच्या झेंडूच्या वाफ्यात ओतली, कापड जाळलं. कडेची दोन पोती बांधून आम्ही दुसऱ्या सकाळी चाचणी घेतली. कडेचे पट्टे ताणलेले होते, ते असणारच, त्यांत वजन होतं.

मधला पट्टाही ताणलेला होता.

दिलीपने बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "नया नया है साब, कड़क है," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, असेल. आणि त्याला बजावलं, दीदींना आता वर सोडायचं नाही. बिल्कुल नाही.

४

डिसेंबरातली दुपार होती. धुकं सकाळपासून उठलंच नव्हतं आणि पार्कात चिटपाखरू नव्हतं. मी ऑफिसात हीटरशी पाय करून बसलो होतो तेव्हा पॅनेलचा भोंगा वाजला. विंच सुरू करायच्या आधी वाजतो तो.

मी धावलो. ताई पट्ट्यात होती. उजवीकडे, पालथी, केस नीट बांधलेले, अंगाभोवती शाल. दिलीप हात जोडून माझ्याकडे आला. "दीदी को कैसे मना करूँ साब? रो रही थीं."

"ताई, उतर."

"शेवटचं, अमू. एकदाच जाते. त्याला सांगून येते आणि मग नाही येणार. तुझी शपथ."

"उतर म्हणतोय ना!"

"मग तू चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "इतकी माणसं चढवलीस वर, स्वतः कधी गेला आहेस?"

नव्हतो गेलो. खरं सांगायचं तर मला उंचीचं वावडं आहे, आणि नोकरी लागताना मी ते कोणाला बोललो नव्हतो. पण माझ्या डोक्यात दुसराच विचार होता. आज हिला ओढून उतरवलं तर उद्या ही माझी सुट्टी बघून येईल. मी बरोबर असलो तर निदान दोरी मी ओढीन. एकदा होऊन जाऊ दे आणि प्रकरण मिटू दे. मी तिला डावीकडे सरकायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. उजवा पट्टा ती सोडेना. शेवटी मी डावा चढवला.

दिलीपने बकलं दोनदा तपासली. मधल्या पट्ट्याला त्याने हात लावला नाही.

विंच खेचायला लागलं. पाय वर, डोकं खाली, जमीन छातीखालून पुढे सरकत लांब जायला लागली. दिलीपची लाल टोपी, पॅनेलची टपरी, समोसेवाल्याचं रिकामं दुकान. मग धुकं आलं आणि ते सगळं पुसून गेलं. खालचा एकही आवाज येईना. वर पकडीचा खटका बसला, विंच थांबलं, आणि आम्ही लटकत राहिलो.

५

"ओढ," मी म्हणालो.

आणि माझ्या ध्यानात आलं की मी कुजबुजतोय. मोठ्याने बोलायला मी तोंड उघडलं, पुन्हा कुजबुजच आली. एखाद्या घरात शिरावं आणि कोणी काही न सांगताच आवाज खाली यावा, तसं.

"थांब रे," ताई म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

पट्टे मांड्यांत रुतत होते. रक्त डोक्याकडे उतरत होतं. खाली पांढरं, वर पांढरं, आणि आम्ही दोघं मधे चिमट्याने वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. अग्निशमन दलाची शिडी इथवर येत नाही, हे मालकांना मीच लिहून दिलं होतं. दिलीप वाट बघेल, हाका मारेल, मग फोन करेल. कोणाला? मलाच करतो तो असल्या वेळी.

"ताई, थंडी आहे. खाली जाऊन बोलू."

मी उजवा हात लांब केला. दोरी तिच्या अलीकडच्या हाताशी होती, हात पूर्ण ताणला तर पोचला असता. मी मनात अंतर मोजलं होतं. मधल्या रिकाम्या पट्ट्यावरून हात नेला आणि तो अर्ध्यावर थांबला. कशावर आपटला नाही. कशाला लागलाही नाही. फक्त पुढे जायला जागा नव्हती. भरलेल्या बसमध्ये हात खिशापर्यंत नेता येत नाही, तसं. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला ऊब लागली, येणारी, जाणारी.

तो माझाच श्वास असणार. थंडीत श्वास परत येतो. मी श्वास रोखला.

ऊब येत राहिली, जात राहिली.

मी हात मागे घेतला. मला रडू कोसळत होतं आणि मी ते आवाज न करता गिळत होतो, कारण आवाज करायचा नव्हता. मी किती वेळ असा होतो ते सांगता येणार नाही. धुकं पांढऱ्याचं करडं झालं. मधे एकदा ताईने दोरी हातात घेतली, आणि मग, अगदी हळूच, सोडून दिली. तिची बोटं निळी पडली होती. शाल तिच्या अंगावर नव्हती. तिने ती मघाशीच काढली होती आणि आमच्या मधे घातली होती.

त्या शालीकडे मी तोवर नीट बघितलं नव्हतं. तिच्याखाली काही नव्हतं, एक पट्टा सोडून. एवढ्या उंचीवर, एवढ्याशा वाऱ्यावरही ती उडून जायला हवी होती. ती गेली नव्हती. ती एका जागी फुगीर होती, तिच्या कडा खाली दुमडलेल्या होत्या. आणि ती हळूहळू वर होत होती, खाली होत होती.

ताई आता थरथरत नव्हती. गारठलेलं माणूस थरथरायचं थांबतं तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. तिचे डोळे मिटत होते.

"ताई. ए ताई."

"हं."

"तुझे हात गारठलेत. तुझ्याकडून पडेल तो." मी हे का म्हणालो? मी विश्वास ठेवला होता म्हणून म्हणालो नाही. तिला खाली न्यायचं होतं मला, दुसरं काही नाही. "माझ्याकडे दे त्याला."

तिने डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं. लहानपणी परीक्षेला सोडायला यायची तेव्हा बघायची तसं.

"नीट धरशील?"

"धरतो."

"मान सांभाळ हं त्याची."

तिने दोन्ही हातांनी शाल माझ्याकडे सरकवली. मी उजवा हात कोपरात वाकवला, आणि माझ्या कोपरात वजन आलं.

मग तिने दोरी ओढली. जमीन तोंडावर धावून आली, कान फुटतील असा वारा सुटला, आणि मी किंचाळलो नाही. दोन्ही हात मोकळे सोडा म्हणून आम्ही लोकांना सांगतो. मी उजवा हात छातीशी घट्ट धरून ठेवला होता.

६

ताई बरी आहे. हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण मी वर गेलो तो त्यासाठीच. थोडे दिवस ताप होता, मग उतरला. ती आता नोएडाला येत नाही. शाळेच्या सहलीबरोबर आग्र्याला जाऊन आली, तिने स्वयंपाकघराला रंग लावून घेतला, तिला झोपही छान लागते म्हणे. "काय वेड लागलं होतं रे मला त्या झोक्याचं," ती परवा स्वतःच हसली.

झोकाही ठीक आहे. लोक पुन्हा किंचाळतात. समोसेवाल्याने टेप आणला आहे. मधला पट्टा सैल लोंबतो, आणि सकाळी पोती उतरवली की सगळे पट्टे हलून हलून, शहाण्यासारखे थांबतात. माझा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही, एवढंच. डॉक्टरांनी शेक द्यायला सांगितला आहे. मी डाव्या हाताने सही करायला शिकतोय.

गेल्या रविवारी ताई आमच्याकडे जेवायला आली होती. सरोजिनी नगरात एका घरी बारसं आहे, आणि त्यांनी तिलाच नाव सुचवायला सांगितलं आहे. "मी म्हटलं, उन्मेष ठेवा," ती पोळीला तूप लावत म्हणाली. "छान आहे ना? आत्ताच बसमध्ये सुचलं. इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही कोण जाणे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर आठवणीची एक रेघही नव्हती.

"नको," मी म्हणालो. "ते नको. दुसरं काहीतरी सुचव."

"का रे?"

"नको म्हटलं ना, ताई!"

अवनी दचकली. कल्पनाने डोळे वटारले. ताई म्हणाली, "बरं बाबा, नाही ठेवत," आणि भाताचं भांडं पुढे ओढलं.

दुपारी ताई गेली, अवनी मैत्रिणीकडे गेली. मी आत येऊन बघितलं तर कल्पनाला गाढ झोप लागली होती, पलंगाच्या पार मधोमध, नेहमीसारखी. खिडकीतून ऊन आलं होतं. मी उरलेल्या जागेत आवाज न करता टेकलो आणि वाकडा हात पोटाजवळ घेऊन आडवा झालो. पट्टे नव्हते, उंची नव्हती, पाठीखाली घरची गादी होती.

कल्पना जागी झाली नाही. डोळे मिटलेलेच ठेवून ती भिंतीकडे सरकली, अवनी तान्ही असताना सरकायची तशी, आणि तिने आमच्या मधे हात टाकला. मग ती हलकेच थोपटायला लागली. मी छताकडे बघत पडून राहिलो. माझ्या कोपराशी कोणीतरी कूस बदलली, आणि हात काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.